बादलीला पडलेली चार मतं

रविवार, १६ मार्च

तीर्थस्वरूप काकांना नमस्कार.

(तीर्थरूप कोणाला लिहायचं आणि तीर्थस्वरूप कोणाला, हे शाळेत ज्या दिवशी शिकवलं त्या दिवशी मी बहुतेक खिडकीबाहेर बघत होतो. चुकलं असेल तर सांभाळून घ्या. तसे तुम्ही माझे सख्खे काका नाही. बाबांचे भागीदार म्हणावं, तर धंदे वेगळे. ते कपडे शिवणार, तुम्ही घड्याळं दुरुस्त करणार. एकाच दुकानात तीस वर्षं अर्ध्या-अर्ध्या जागेत बसलेल्या माणसाला पत्रात काय म्हणायचं, ते कुणी शिकवलंच नाही.)

पत्र लिहिण्याचं कारण आहे. ते सांगतोच. आधी खुशाली.

मी बरा आहे. घर सोडून दीड वर्ष झालं, तेवढ्यात चार नोकऱ्या झाल्या. आधी बाटल्या धुण्याच्या कारखान्यात होतो, तिथल्या काचा कानात अजून किणकिणतात. मग एका लॉजवर चादरी बदलायचो. मग बोटींचा गंज खरवडायचं काम केलं, ते मला आवडलं होतं, पण बोटी संपल्या. तुम्ही मला ‘भिंगरी’ म्हणायचात ते काही खोटं नाही. फक्त भिंगरीला कुणीतरी फिरवावं लागतं, मी आपला आपणच फिरतो.

सध्या रस्त्यावर पांढरे पट्टे मारतो. हसू नका. आजवर कधी तुम्हाला वाटलं होतं का, की रस्त्याच्या मधोमध जी रेघ असते ती कुणीतरी मारत असेल? मला तर वाटायचं रस्ता तसाच येतो, रेघेसकट. तर नाही. रंगाची पावडर एका मोठ्या भांड्यात उकळतात, खिरीसारखी घट्ट, आणि मग हातगाडीसारख्या यंत्रातून ती रस्त्यावर ओततात. माझं काम पुढे दोरी ताणायचं आणि मागे ओल्या पट्ट्यावर काचेचे बारीक मणी भुरभुरायचं. त्या मण्यांमुळे गाड्यांच्या उजेडात पट्टा चमकतो. म्हणजे मी पुढेही आणि मागेही. मधे मुकादम.

मुकादम म्हणजे बाईमाणूस आहे बरं का. पन्नाशीची, आवाज असा की ट्रक थांबतो. पहिल्याच दिवशी माझी दोरी वाकडी गेली, तर म्हणाली, “काय रे, कुणाच्या मागे गेली होती दोरी?” मी म्हटलं, एक कुत्रं बघत होतो. “कुत्रं बघ, हवं तर लग्न कर त्याच्याशी, पण दोरी सोडून बघ. तू वाकडा गेलास तर उद्यापासून सगळं गाव वाकडं जाणार.” तेव्हापासून मला या कामाची जरा भीतीच बसलीय. इतकी माणसं माझ्या भरवशावर चालतात, हे काही बरं नाही.

आणि एक गंमत. गेल्या आठवड्यात कुणी मोठे पाहुणे येणार होते, म्हणून आम्हाला स्टेशनपासून सभागृहापर्यंतच पट्टे मारायला सांगितलं. पाहुण्यांची गाडी डावीकडे वळणार, म्हणून पट्टाही डावीकडे वळला. सरळ जाणाऱ्या रस्त्याला काही नाही. तिथे शाळा आहे, दवाखाना आहे. मी मुकादमबाईला विचारलं, सरळ जाणाऱ्यांचं काय? ती म्हणाली, “सरळ जाणाऱ्यांना कोण विचारतं?” मी दिवसभर त्यावर हसत होतो. मग एकदम तुमची आणि बाबांची आठवण आली, आणि हसणं थांबलं.

काल ताईचा फोन आला होता. तिनं सांगितलं, तुम्ही ३१ तारखेला दुकान सोडताय. भाचीच्या गावी जाणार. खोकी भरायला घेतलीत. बाबांना तुम्ही सांगितलेलं नाही. त्यांना पार्टिशनपलीकडून खोक्यांचे आवाज ऐकू येतात, पण ते विचारत नाहीत.

मी पेन घेऊन बसलो ते त्यासाठी. पण आमच्या खोलीत सात जण राहतात आणि आता सगळे एकदम जेवायला बसलेत. कुणाचा तरी पाय माझ्या कागदावर आहे. उद्या लिहितो.


मंगळवार, १८ मार्च

काल लिहायचं राहिलं. पुलावर काम होतं, पुलाखाली एक माणूस नदीत बूट धूत होता, एकच बूट, दुसरा कुठे असेल याचा विचार करता करता दिवस गेला.

असो. दुकानाबद्दल.

काका, ते पार्टिशन मी अजून पाहिलेलं नाही. मी घर सोडलं त्यानंतर चार दिवसांनी बाबांनी ते ठोकून घेतलं. पण ताईनं इतकं नीट वर्णन केलंय की मी डोळे मिटून त्याला हात लावू शकतो. प्लायवूड, बिनरंगाचं, दारापासून मागच्या भिंतीपर्यंत. छतापर्यंत नेता आलं नाही, कारण पंखा बरोबर मधोमध. म्हणून वर हातभर मोकळं ठेवलंय. अर्धा पंखा तुमचा, अर्धा बाबांचा, आणि बटण बाबांच्या बाजूला.

लहानपणापासून मला त्या दुकानातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे तुमचं ओरडणं. घड्याळाचं झाकण काढलं की तुम्ही भिंग न काढताच म्हणायचात, “उघडलं!” आणि बाबा पाय मशीनवरून न हलवता हात लांब करून पंखा बंद करायचे, कारण वाऱ्यानं तुमचे ते तिळाएवढे स्क्रू उडतात. झाकण बसलं की, “मिटलं!” आणि पंखा चालू. गिऱ्हाइकं दचकायची. एका नव्या बाईंना तर वाटलं होतं तुम्ही मंत्र म्हणताय.

ताई म्हणते, आता कुणी ओरडत नाही. तुमचं घड्याळ कधी उघडलंय ते बाबांना कळत नाही. म्हणून त्यांनी पंखाच लावायचा सोडून दिलाय. उन्हाळ्यातही नाही लावला. कापडावर घाम पडू नये म्हणून कपाळाला फडकं बांधून बसतात. ताईनं विचारलं, बाबा, पंखा का नाही लावत? तर म्हणाले, “बिघडलाय.” तिनं बटण दाबलं, तर लागला की. बाबा ओरडले, “बंद कर आधी!”

हे ऐकल्यापासून मला धड जेवण जात नाही.

आता निवडणुकीकडे येतो. मला माहीत आहे, तुम्हाला त्या विषयाचा वीट आला असेल. पण माझ्या डोक्यात त्याचा गुंता झालाय, आणि गुंता सोडवायचा तर टोक हातात घ्यावं लागतं, असं बाबाच म्हणतात.

सुरुवात झाली गटाराच्या झाकणानं. दुकानासमोरचं झाकण चोरीला गेलं, त्यात आधी एक सायकल पडली, मग एक आजी. बाबांनी अकरा अर्ज केले. अकराव्या अर्जाला उत्तर आलं की पहिले दहा अर्ज सापडत नाहीत. त्या दिवशी बाबांनी कात्री खाली ठेवली आणि म्हणाले, “मीच उभा राहतो.” आई म्हणाली, “आधी बसा.” तुम्ही म्हणालात, “मास्तर, उभा राहा. मी आहे मागे.”

आणि चिन्ह काय मिळालं? शिलाई मशीन मागितलं होतं, हाती आली बादली. तुम्ही खरीखुरी बादली घेऊन वीस दिवस बाबांच्या पुढे चालत होतात. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं वर्गणी गोळा करताय, कुणी सुट्टे पैसे टाकले, एका म्हातारबुवांनी केळ्याचं साल टाकलं. तुम्ही ते साल काढून म्हणालात, “आजोबा, यात मत टाकायचं, साल समोरच्या पक्षाला.” सगळी गल्ली हसली. बाबाही हसले होते. बाबांना रस्त्यात मोकळेपणानं हसताना मी त्या वीस दिवसांतच पाहिलं.

मला मात्र लाज वाटायची. आता लिहून टाकतो. मित्रांबरोबर चौकात उभा असलो आणि लांबून बादली दिसली की मी टपरीच्या मागे जायचो.

मग निकाल. वॉर्डात सत्तावन्न मतं. विरोधात उभ्या असलेल्या सिमेंटवाल्याला तीन हजारांच्या वर. ते ठीक होतं, बाबांनी ते पचवलं होतं. पण आपल्या गल्लीच्या केंद्रावरचा, शाळेतल्या खोलीचा आकडा वेगळा लावला होता. तिथे बादलीला चार.

संध्याकाळी अख्खी गल्ली दुकानात आली होती समाचाराला. बेकरीवाली म्हणाली, “मास्तर, माझं तरी होतं हो तुम्हालाच.” चपलांच्या दुकानवाल्यानं बाबांचा हात धरून सांगितलं, “घरातली सहाच्या सहा, बादली.” इस्त्रीवाला तर रडला. मी कोपऱ्यात उभा राहून मोजत होतो. तासाभरात एकतीस मतं झाली. चार मतांचे एकतीस मालक! उमेदवार खोटं बोलतात म्हणून सगळे बोटं मोडतात. मतदार किती बोलतात ते कुणी बाबांना विचारावं.

बाबा सगळ्यांना हात जोडत होते. पण ते मनातल्या मनात काहीतरी मोजत होते, तुम्हालाही दिसलं असेल. ती मंडळी गेल्यावर जे झालं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. बाबांनी ठरवलं, तुम्ही मत दिलं नाही.

काका, ते चूक आहे. मला माहीत आहे चूक आहे. कारण त्या दिवशी मत न देणारा मी होतो. मी शाळेकडे निघालो होतो, पण वाटेत एका ट्रकमधून पियानो उतरवत होते, खराखुरा पियानो, दुसऱ्या मजल्यावर दोरीनं चढवत होते. मी बघत बसलो. पियानो खिडकीत अडकला. तो निघेपर्यंत मतदानाची वेळ संपली. एवढंच. मूर्खपणा. नेहमीचा.

हे तुम्हाला सांगायचं होतं. सांगितलं. आता झोपतो, उद्या पहाटेचं काम आहे.


शुक्रवार, २१ मार्च

वरचं वाचलं. पाकीटही आणलं होतं. पण पत्र त्यात घालवेना.

पियानो खरा होता. पण तो आदल्या दिवशी होता.

तुम्ही मंगळवारचा मजकूर वाचून काय म्हणाल ते मला दिसतंय. भिंग कपाळावर सरकवून म्हणाल, “अरे, पण शाई?” कारण मतदानाच्या दिवशी दुपारी मी दुकानात आलो तेव्हा तुम्हीच म्हणालात, “बघू बोट.” मी बोट दाखवलं. तुम्ही म्हणालात, “शाब्बास. बादलीत एक लोटा पडला.” मी हसलो. काका, तेव्हा मी तुमच्या तोंडावर हसलो.

तर मी मत दिलं. सिमेंटवाल्याला.

लिहिलं बघा. दीड वर्ष लागलं, आणि लिहायला गेलं तर दोन शब्द.

का, ते सांगतो. पैसे नाही घेतले, कुणी दमही नाही दिला. लाजेमुळेही नाही, लाजेनं माणूस फार तर टपरीमागे लपतो. मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी बाबांनी मला दुकानात बोलावलं. तुम्ही बादली घेऊन पुढे गेला होतात. बाबांनी कटिंगच्या टेबलाच्या चारी पायांखाली लाकडाचे ठोकळे बसवले होते. चार-चार बोटं उंच. मला म्हणाले, “उभा राहा इथे.” मी उभा राहिलो. टेबल बरोबर माझ्या कमरेला आलं. त्यांनी आपल्या गळ्यातली टेप काढून माझ्या गळ्यात घातली आणि म्हणाले, “माझ्या उंचीवर कापशील तर पाठ मोडेल तुझी. परवापासून मला वॉर्ड बघायचाय, लोक दारात येतील. दुकान तू बघ.”

किती साधं बोलले. चेहरा असा, की ते मला सगळ्यात चांगली गोष्ट देतायत. देतही होते.

मला ती टेप बैलाच्या दाव्यासारखी वाटली.

मी मान डोलावली. नको म्हणायला तोंड लागतं, ते मला कधी नव्हतंच. मी नेहमी हो म्हणतो आणि निघून जातो. शाळेतून असाच गेलो, घरातून असाच गेलो, कुठून तरी अजून जाईन. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या त्या खोलीत, पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभा राहिलो. समोर बादलीचं चित्र. आणि मला दिसलं, बाबा जिंकले. दारात लोकांची रांग. मी टेबलापाशी उभा, वीस वर्षं, तीस वर्षं, आणि तुम्ही बाजूला “उघडलं” म्हणताय, आणि पंखा बंद करणारा हात माझा. बोट आपोआप वरच्या बटणावर गेलं. आपोआप कसलं, मीच नेलं.

आता याच्यातली मूर्खपणाची गोष्ट ऐका. सगळ्या वॉर्डात बाबा निवडून येतील असं कुणालाच वाटत नव्हतं. आईला नाही, ताईला नाही. तुम्हीही म्हणायचात, “मास्तर, डिपॉझिट गेलं तरी झाकण येईल.” खुद्द बाबांनाही मनातून माहीत असणार. त्यांचं जिंकणं पक्कं धरून चाललेला माणूस मी एकटाच. आणि म्हणूनच मी विरुद्ध मत दिलं.

झाकण मात्र निकालानंतर आठ दिवसांत बसलं म्हणे. सिमेंटवाल्यानं बसवलं. वर त्याचं नाव आहे.

आता राहिलं ते समाचाराच्या संध्याकाळचं. ते लिहिल्याशिवाय या पत्राला अर्थ नाही, आणि तेच मी गेले सहा दिवस टाळतोय. बूट, कुत्रं, पियानो, सगळं पुढे केलं.

गल्ली निघून गेली. दुकानात आपण पाच जण. आई बटणांचे डबे उगाच इकडचे तिकडे करत होती. ताई दारात. मी माठापाशी, तुमच्याकडे पाठ करून. तहान नव्हती.

बाबा म्हणाले, “पाच पाहिजे होती.”

“काय पाच?” तुम्ही विचारलंत.

“बाकीच्यांचं सोड. ते थापा मारून गेले, मला कळतं. पण घरची चार आणि तुझं एक. पाच.”

“मी दिलं रे.”

“मग चार कशी?”

तुम्ही आधी हसलात. “मशीन चुकलं असेल, मास्तर.”

“मशीन चुकत नाही. तीस वर्षं तू गिऱ्हाइकांना हेच सांगतोस. घड्याळ चुकत नाही, किल्ली देणारा चुकतो.”

“मग...” एवढं म्हणून तुम्ही थांबलात. कारण पुढचं वाक्य एकच होतं. मी दिलंय, तर घरातलं बघ. मला ते पाठीवर ऐकू आलं. मी मागे वळलो. तुम्ही आईकडे पाहिलंत, ताईकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ. माझ्या हातातलं भांडं डुचमळत होतं, बुटावर पाणी सांडलं. तुम्ही ते पाणी पाहिलंत.

आणि तुम्ही म्हणालात, “मग माझंच चुकलं असेल. चष्मा विसरलो होतो. भलतंच बटण दाबलं गेलं असेल.”

बाबा एकदम उठले. “तू? केसाएवढा स्क्रू दिसतो तुला, आणि एवढी मोठी बादली दिसली नाही? वीस दिवस हातात घेऊन हिंडलास ती?”

“नाही दिसली.”

“सरळ सांग ना, नाही दिलं म्हणून!”

“बरं. नाही दिलं. झालं?”

आई म्हणाली, “अहो, पुरे आता.” पण बाबांचा चेहरा, काका. निवडणूक ते तेव्हा हरले. आकडा लागला तेव्हा नाही, त्या क्षणी. आणि मी तिथे उभा होतो, पाच हातांवर, तोंडात पाणी धरून. एक घोट गिळून “बाबा, मी” एवढं म्हणायचं होतं. गिळला फक्त घोट.

सहा दिवसांनी मी घर सोडलं. सगळ्यांना वाटलं भिंगरी फिरायला गेली. तुम्ही मला बसस्टँडवर पोचवायला आलात. वाटेत एक शब्द त्याबद्दल नाही. घड्याळ दिलंत, म्हणालात, “जुनं आहे, रोज किल्ली दे, मग चालतं.” वाटलं होतं तुम्ही रागावाल. तुम्ही रागावला असतात तर मी बोललो असतो, असं मी पुष्कळदा स्वतःला सांगतो. तेही बहुतेक पियानोसारखंच आहे.

तुम्हाला वाटलं असेल, पोरगा आहे, आज ना उद्या बाबांना सांगेल, आपण मधल्या काळात ओझं धरू. तुम्ही दीड वर्ष धरून उभे आहात. बाजूला पार्टिशन ठोकलं गेलं तेव्हाही खिळे धरायला तुम्हीच उभे होतात, हे ताईनं सांगितलं, तिला ते हसण्यासारखं वाटलं. आता तुम्ही खोकी भरताय. आणि ताई म्हणते, बाबा अजून ठोकळ्यांवरच्या त्याच उंच टेबलावर कापतात. खाली एक लाकडी पाट घेऊन त्यावर उभे राहतात. ठोकळे काढत नाहीत.

ज्या दोघांना मी फसवलं, ते दोघंही माझी जागा सांभाळून बसलेत. आणि मी इकडे काचेचे मणी भुरभुरतोय.

माफी मागत नाही. तुमच्याकडे मागितली तर तुम्ही लगेच देऊन टाकाल, आणि मग मला पुन्हा मोकळं वाटेल. मोकळं वाटून मी काय करतो ते आता आपल्या दोघांनाही माहीत आहे.

हे सगळं लिहून झाल्यावर दुपारी मुकादमबाईला विचारलं, एखाद्याचं पत्र दुसऱ्याच्या नावानं पाठवलं तर चालतं का? म्हणाली, “का, पत्ता चुकलाय?” मी म्हटलं, पत्ता तोच आहे, दुकान एकच आहे. मधे फक्त प्लायवूड आहे. ती म्हणाली, “मग ज्याच्या हातात पडायला पाहिजे त्याचं नाव घाल. बाकीचं पोस्टमन बघेल. आणि दोरी धर.”

काका, हे पत्र तुम्हाला मिळालं तर तुम्ही काय कराल ते मला पक्कं माहीत आहे. दोनदा वाचाल, घडी घालून खिशात ठेवाल, भाचीच्या गावी घेऊन जाल, आणि बाबांना कधीही कळणार नाही. तुम्ही ते गिळाल. म्हणून तुमच्यावर विश्वास टाकत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच. पाकिटावर बाबांचं नाव लिहितोय.

तेव्हा बाबा, पहिल्या ओळीपासून हे तुम्हीच वाचताय. काकांचं पत्र तुम्ही का फोडलंत असं कुणी विचारणार नाही, मीच तुम्हाला फोडायला लावलं. चौथं मत त्यांचं होतं. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. एकतीस तारखेला अजून दहा दिवस आहेत, पत्र पोचायला तीन लागतात. काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मला काही सांगायचा हक्क नाही, फक्त एवढं करा की वाचून झालं की हे त्यांच्या हातात द्या. तोंडानं काही बोलता नाही आलं तरी चालेल.

मला परत बोलवा असं लिहीत नाही. टेबलाखालचे ठोकळे मात्र काढून टाका, पाठ दुखत असेल तुमची.

तुम्ही निवडून याल याची खात्री असलेला,
तुमचा मुलगा